जंप शॉटवर स्क्रू: सहावा आठवडा

पूलच्या टेबलावर जंप शॉट (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा पांढरा बॉल मधल्या बॉलवरून उडवणं) घेताना स्क्रू (उलट्या फिरकीने पांढरा मागे आणणं) जमवायचा सराव चालू आहे. गुरुवारी पांढरा पहिल्यांदा मागे आला. मधे आडवा ठेवलेला आठ नंबरचा बॉल ओलांडून तो तीन नंबरवर जवळजवळ पूर्ण लागला, तीन कोपऱ्यात गेला, आणि पांढरा क्षणभर जागच्या जागी गरगरून वीतभर मागे सरला. गेले पाच आठवडे तो दर वेळी तीनच्या मागोमाग पॉकेटकडे धावत होता, म्हणून ही वीत मला फार मोलाची वाटते.

क्यूचं मागचं टोक उचलून मारलं की पांढरा आधी कापडात दाबला जातो आणि खालच्या स्लेटवरून उसळतो. त्याच वेळी तो पुढेही जात असतो, त्यामुळे कापड त्याचा तळ मागे धरतं आणि पुढची फिरकी चढते. म्हणजे मध्यावर मारलेला जंपसुद्धा थोडा फॉलो (पुढची फिरकी) घेऊनच उडतो. स्क्रू हवा असेल तर आधी ही फिरकी फेडायची, मग उलटी फिरकी शिल्लक उरवायची.

माझी चूक इथेच होती. ‘खाली मार’ म्हणजे बॉलच्या पोटाखाली, असं मी धरून चाललो होतो. टिप (क्यूचं पुढचं टोक) खाली घुसायची आणि बॉल उचलला जायचा. तो तर सरळ फाउल. आपल्यातले बरेच जण स्नूकरवरून पूलकडे आलेत, आणि स्नूकरमध्ये दुसऱ्या बॉलवरून उडी मारणंच फाउल, त्यामुळे हे शिकवणारं कोणी भेटत नाही.

मग कागदावर आकृती काढली. बॉल 57 मिमीचा. क्यू 45 अंशांवर धरला तर क्यूच्या रेषेतला मध्य कापडापासून साधारण 49 मिमी उंचीवर येतो. अर्धी टिप, म्हणजे सहा-साडेसहा मिमी खाली आलं तरी टिप 44 मिमीच्या आसपासच लागते. म्हणजे स्क्रूसाठीसुद्धा मारायचं बॉलच्या वरच्या अर्ध्या भागातच! ‘खाली’ हे टेबलावरून नव्हे, क्यूच्या नजरेतून मोजायचं. हे उमगल्यावर हात आपोआप सैल झाला.

खात्रीसाठी पांढऱ्याच्या जागी पट्ट्याचा अकरा नंबर घेतला. आकड्याचा गोल टिपकडे तोंड करून, सुलटा ठेवला. शॉटनंतर बॉल उचलून चॉकचा डाग बघायचा. निळा ठिपका आकड्याच्या किंचित खाली आला की समाधान. बाजूला सरकलेला दिसला की पुन्हा मांडणी. जंप क्यूची फिनॉलिक (कडक प्लॅस्टिकसारखी) टिप कडक असते, मध्य सोडला की लवकर निसटते, म्हणून चॉक प्रत्येक शॉटला.

कापडाची काळजी मात्र घ्या. टेबलं सांभाळणाऱ्या मार्करकाकांनी पहिल्याच दिवशी पांढरे डाग दाखवून सांगितलं, “बाळा, उडी मार, पण माझं कापड जाळू नकोस.” त्यांनीच जुन्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा दिला. तो पांढऱ्याखाली ठेवूनच सराव करतो.

अंतराचाही मोठा वाटा आहे. हवेत फिरकी जवळपास तशीच राहते, ती खर्च होते कापडाला टेकल्यावर. म्हणून तीन हा पांढरा जिथे उतरतो त्याच्या लगेच पुढे ठेवतो. दोन टप्पे जास्त पडले की स्क्रू संपलेला असतो. पण पांढरा हवेत असतानाच लागला तर कट (बॉलला तिरका मारलेला स्पर्श) ठरवल्यापेक्षा पातळ बसतो, कारण तो बॉलच्या वरच्या अंगाला भिडतो. त्यामुळे सध्या सरळ पॉटच (बॉल सरळ रेषेत पॉकेटात घालणं) घेतोय.

साइड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला मारून दिलेली फिरकी, अजून हाताला बसलेली नाही. उजवी साइड दिली की पांढरा आधी थोडा डावीकडे ढकलला जातो, हवेत सरळ जातो, आणि टेकल्यावर उजवीकडे वळू लागतो. क्यू जितका उभा, तितकं वळण जास्त. जवळच्या बॉलला वळायला वेळच मिळत नाही, लांबच्याला नको इतकं वळतो. पाव टिपेहून जास्त साइड घेतली की उंचीही कमी होते आणि पांढरा आठला घासतो. टेबलाच्या कडेच्या कुशनवर मात्र तिचा उपयोग दिसतो. शनिवारी एकदा तीन पॉट करून पांढरा कुशनला लागला आणि रुंद कोनात टेबलाच्या मधोमध येऊन थांबला.

गुरुवारच्या वीस प्रयत्नांत सहा पॉट, त्यातल्या दोनांना खरा स्क्रू. पुढच्या आठवड्यात क्यू 35 अंशांपर्यंत खाली आणून, आठ थोडा लांब ठेवून हेच करणार आहे. कोणी या कोनावर स्क्रू घेत असाल, तर पांढऱ्यापासून आठ किती अंतरावर ठेवता ते जरूर सांगा.