दुडकीचा केरवा

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या स्पर्धेत, संगीतावर घोडा नाचतो, असं बघणाऱ्याला वाटतं. मामला उलटा असतो. घोडा आपल्याच लयीत चाललेला असतो आणि संगीत त्याला साथ करतं. त्यामुळे आधी गाणं पसंत करायचं आणि मग त्यावर घोडा बसवायचा, म्हणजे अंगरखा शिवून झाल्यावर त्या मापाचा माणूस शोधायला निघण्यासारखं आहे. माप आधी घ्यावं, आणि ते टापांचं घ्यावं.

दुडकीपासून सुरुवात करावी, कारण ती सरळ आहे. दुडकीत पाय तिरप्या जोडीनं पडतात: डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग दुसरी जोडी, आणि मधे क्षणभर चारी खूर हवेत. दोन टापांचा स्वच्छ ठेका. घड्याळ लावून एकच पुढचा पाय मिनिटभर मोजायचा आणि आकडा दुप्पट करायचा. पाय ७५ वेळा पडला तर लय १५० मात्रांची. स्वारच मोजणार असेल तर खोगिरातून उठण्याचे झोके मोजावेत. एका झोक्याला दोन टापा. बहुतेक घोडे १३५ ते १६० च्या दरम्यान सापडतात. लांब पायांचा घोडा सावकाश, तट्टू भरभर; लंबकाचाच न्याय.

साध्या चालीत चारी खूर वेगवेगळे पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. पुढचे दोन्ही पाय मोजले की साधारण ९५ ते ११५ भरतात. मागचे पाय आपोआप अर्ध्या मात्रेवर येऊन बसतात.

गोंधळ होतो तो कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान अशा तीन टापांच्या चालीत. समजा उजवा पाय पुढे ठेवून घोडा कँटर करतोय. आधी डावा मागचा पाय टेकतो, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकदम, मग उजवा पुढचा, आणि त्यानंतर चारी पाय अधांतरी. तीन टापा आणि एक शांतता. तबल्यातली खाली (रिकामी धरलेली मात्रा) निदान वाजते तरी. ही खरोखरच रिकामी. इथं शेवटी पडणारा पुढचा पाय तेवढा मोजायचा, आणि दुप्पट मुळीच करायची नाही. ९२ ते १०८ हा नेहमीचा पल्ला. तीन टापा ऐकून पुष्कळ जण तीन मात्रांच्या पाश्चात्त्य नाचाकडे, म्हणजे वॉल्ट्‌झकडे धावतात. पण एका ढांगेला तीन मात्रांचं एक आवर्तन द्यायचं, तर १०० ढांगांना मिनिटाला ३०० मात्रा लागतील, आणि एवढी धावपळ कुठलाच वॉल्ट्‌झ करत नाही. त्यापेक्षा द्रुत दादरा बरा, त्याला हा वेग पेलतो. त्याच्या सहा मात्रांत दोन ढांगा बसतात आणि तीन-तीनचा झोका कँटरच्या झोक्याशी जुळतो.

दुडकी १५० आणि कँटर १०० निघाला तर तबलजीनं खूश व्हावं. दुडकीच्या तीन मात्रांत कँटरच्या बरोबर दोन ढांगा, म्हणजे सरळसरळ आड (दीडपट) लय. एकच धून आधी आठ मात्रांच्या केरव्यात आणि मग तिचीच आड धरून दादऱ्यात नेता येते. दोन चालींमधलं शिवण दिसत नाही. मात्र प्रत्येक घोडा इतका हिशोबी नसतो.

मोजण्यात चूक होते ती वेळेच्या निवडीमुळे. नुकताच बाहेर काढलेला घोडा उतावीळ असतो आणि चार-सहा मात्रा चढा पळतो. अंग मोकळं झाल्यावर, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी घ्यावी. सहा मात्रांचा फरक किरकोळ वाटतो, पण तो दहा सेकंदांत एक मात्रा सरकवतो. म्हणजे पाचव्या सेकंदालाच टाप बरोबर दोन ठोक्यांच्या मधे पडू लागते, आणि ताल न कळणाऱ्यालाही काहीतरी बिनसलंय हे कळतं. ढांग लांबवली की लय वाढते, हाही एक गैरसमज. लांबवलेल्या दुडकीत जमीन जास्त कापायची असते, टापांची संख्या तीच राहायला हवी. तिथं संगीत जलद करू नये. दोन वाद्यं वाढवावीत.

धून थोडी कमी-जास्त पळवता येते. जुन्या तबकडीसारखी नुसती वेगात फिरवली, तर सहा टक्क्यांना स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीनं चढतो. संगणकावर स्वर न हलवता लय बदलता येते, पण पाचेक टक्क्यांपुढे तालवाद्यांचे ठोके पुसट होतात आणि गायकाला झोप आल्यासारखी वाटते. तेवढ्यात जमत नसेल तर दुसरी धून शोधावी.

मग मैदान. ड्रेसाजचं मोठं मैदान २० बाय ६० मीटरचं. (ऑलिम्पिकमध्ये संगीतावरची फ्रीस्टाइल १९९६ साली, अटलांटाला आली.) वीस मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६३ मीटर. मिनिटाला २२० मीटरच्या दुडकीनं ते १७ सेकंदांत पुरं होतं, म्हणजे १५० च्या लयीत ४३ मात्रा: केरव्याची पाच आवर्तनं आणि वर तीन. घोडा वर्तुळ संपवतो, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) अजून पाच मात्रा लांब. या पाच मात्रा कोपऱ्यात खर्च करायच्या. कोपरा खोल घेतला की वेळ जातो, कापला की वाचतो. अनुभवी स्वार सम गाठतात ते लगाम खेचून नव्हे, कोपरे सांभाळून.

एक खोडी मात्र स्वाराच्या हातातली नाही. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. कर्णा एका टोकाला परीक्षकाजवळ आणि घोडा साठ मीटरवर दुसऱ्या टोकाला असेल, तर ठोका स्वारापर्यंत पोचायला ०.१८ सेकंद लागतात. १५० च्या लयीत मात्रा ०.४ सेकंदाची, म्हणजे जवळपास अर्धी मात्रा उशीर. स्वार आपल्या कानाला अचूक तालात असतो आणि परीक्षकाला तो बेताल दिसतो. कर्णे मैदानाच्या चारी बाजूंना हवेत ते यासाठी.

शेवट थांब्यानं आणि सलामीनं होतो. तो तिहाईसारखा (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) बांधावा, हळूहळू विरणाऱ्या आवाजानं नव्हे, कारण विरणाऱ्या आवाजात नेमकं कधी थांबायचं हे घोड्यालाच काय, स्वारालाही कळत नाही. शेवटच्या धा नंतर एक लांब स्वर दोन-तीन सेकंद धरून ठेवावा. घोड्याचे चार खूर चौकोनात यायला तेवढा अवकाश लागतो. त्यानंतर त्यानं शेपटीनं माशी हाकलली, तर ती बेतालच हाकलू द्यावी.