शिकागोचा हिवाळा आणि माझ्या ओबोच्या रीड

ऑगस्टात शिकागोला आले तेव्हा हवा दादरसारखीच दमट होती. ओबो हे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य, आणि त्याच्या टोकाला ओठांत धरायची दोन पातळ पात्यांची जोडी म्हणजे रीड. त्या हवेत ती फुगून तोंड, म्हणजे पात्यांमधली फट, उघडं टाकायची, फुंकताना गाल दुखायचे. मी रोज संध्याकाळी सुरी घेऊन तासायला बसायचे. सप्टेंबरात त्याच रीड सुरेख बोलू लागल्या, म्हणून मला वाटलं, हात बसला.

ऑक्टोबर संपता संपता इमारतीतले हीटर सुरू झाले आणि आठवड्याभरात डबीतल्या सहाच्या सहा रीड गेल्या. तोंड मिटलेलं, दोन्ही पात्यांच्या कडा सुटलेल्या. रीडचं बूड बोटाने दाबून फुंकलं की कडेने हवा फिस्सकन बाहेर यायची. तालमीत सगळा ऑर्केस्ट्रा ओबोच्या 'ए' या सुरावर आपली वाद्यं मिळवतो. त्या दिवशी माझा सूर ४४० वर, म्हणजे 'ए'च्या ठरलेल्या कंपनसंख्येवर, ठरेचना. पन्नास माणसं थांबली होती. घरी येऊन मी पुन्हा सुरी काढली आणि उरलीसुरली पातीही घालवली.

ओबो शिकवणाऱ्या बाईंनी रीड हातात घेण्याआधी विचारलं, "खोलीत आर्द्रता किती असते?" मला सांगता येईना. आर्द्रतामापक आणला, तर काटा १९ टक्क्यांवर.

तेव्हा बाबांचा तबला आठवला. पावसाळ्यात पुडी, म्हणजे वरचं कातडं, ढिली पडून सूर उतरला, तर बाबा तिच्यावरच्या काळ्या शाईला हात लावत नसत. बल्बखाली ठेवायचे, बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकायचे, वाट पाहायचे. मी मात्र हवेने केलेलं सुरीने निस्तरत होते. एकदा तासलेलं काही परत येत नाही.

मग सगळं नव्याने सुरू केलं. ओबोची रीड ज्या अरुंडो डोनॅक्सची होते, ते बोरूसारखं पोकळ गवत आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या व्हार भागातलं नावाजलेलं. उन्हाळ्यात मी या गवताच्या ११ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या वापरत होते. हिवाळ्यासाठी १० च्या घेतल्या. नळी बारीक तशी तिची कमान जास्त, आणि कोरड्या हवेत तोंड मिटायला लागलं तरी थोडं उघडं राहतं. बांधलेली रीड एका बैठकीत पुरी करणं सोडलं. आज थोडी तासायची, रात्रभर ठेवायची, उद्या पुन्हा भिजवून फुंकून बघायची. नुसत्या रीडमधून 'सी' हा सूर दोन सप्तकांत एकदम कावकावला की सुरी खाली. कडा गळल्या तर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे. हे सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात उपयोगी तेच पडलं.

वाद्याचीही काळजी होतीच. ओबो काळ्या ग्रेनाडिला लाकडाचा. थंडगार असताना आत गरम श्वास गेला तर तडकू शकतो. बाहेर उणे १५ असताना तालमीला गेले की कोट न काढता वरचा तुकडा दहा मिनिटं काखेत धरून बसायचे, मगच फुंकायचे.

डबीत प्रत्येक रीडखाली चिठ्ठी ठेवू लागले: तारीख, आर्द्रता, किती तासली. जानेवारीतल्या तालमीत 'ए' दिला, सूरमापकाचा काटा ४४० वर गेला आणि तिथेच राहिला. व्हायोलिनवाल्यांनी लगेच सूर उचलला.

मे महिन्यात खोलीतल्या आर्द्रतामापकाचा काटा ५० वर आला. हिवाळ्यातल्या रीड पुन्हा जड वाटायला लागल्या, तोंड उघडं, गाल दुखू लागले. सुरी टेबलावरच होती. मी त्या रीड पुसल्या, वेगळ्या डबीत ठेवल्या आणि झाकणावर लिहिलं, 'नोव्हेंबर'.