ते वचन कोणासाठी होते

सोलापुरात आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीच्या सणाला लिलाव होतो. मालदांडी ज्वारीचे पोते, गावरान कोंबडी, नारळ, कोणी घरी शिवलेली गोधडी, अशा वस्तूंवर बोली चढत जाते आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. दोन वर्षांपूर्वी त्या हिशेबात काही रक्कम कमी भरली, आणि पावत्या न तपासताच मी कमिटीच्या बैठकीत एका बंधूंकडे पाहून म्हणालो, "देवाचा पैसा आहे, जरा जपून हाताळावा." नाव घेतले नाही, पण सर्वांना समजले.

त्यानंतर आमचे 'जय ख्रिस्त'ही थांबले. पाप म्हटले की आपला विचार दारू-जुगारापुढे जात नाही, त्यामुळे मनातली अढी त्यात मोजलीच जात नाही. माझी उपासना, बायबलवाचन सारे चालू होते. मात्र पाळकसाहेब कोणतेही वचन वाचोत, माझी नजर तिसऱ्या बाकाकडे वळायची आणि मन म्हणायचे, हे त्यांच्यासाठीच आहे. देव बोलत होता आणि मी त्याचा प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळा होत होतो. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 59व्या अध्यायात नेमके हेच आहे: परमेश्वराचा कान जड झालेला नाही, आडपडदा आपल्या अधर्माचा आहे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावाच. पण इतक्या प्रयत्नांनी साधलेले ऐक्य प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, शेजारी गुडघे टेकणाऱ्या दोन माणसांत तुटू शकते, हे मी स्वतः तोडून पाहिले आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातील वचनाने मात्र मला पळवाट ठेवली नाही. वेदीजवळ आठवण झाली तर दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू सांगतो. आणि तेथे तक्रार माझ्या मनातली नाही, भावाच्या मनात माझ्याविरुद्ध असलेली आहे.

गेल्या महिन्यात भर दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, कपाटातून जुने पावतीपुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. एक पावती बेरजेत धरायची राहिली होती, आणि ती बेरीज माझ्या अक्षरात होती. मी क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुम्ही ते चारचौघांत बोलला होतात." कमिटीची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे.