बोअरचं पाणी आणि विटका गुलाब

उन्हाळ्याच्या तोंडावर कुंडीतला लाल गुलाब विटका फुलू लागला की बहुतेक जण खताचा हात सैल सोडतात. पाणी बोअरचं असेल तर हा उपाय अंगाशी येतो, कारण रासायनिक खत म्हणजेही क्षारच.

दोष उन्हाचा की क्षारांचा, हे आधी पानांवरून ठरवा. उन्हाने पाकळ्या फिकटतात, त्यांचे काठ करपतात, पानं मात्र बहुधा बरी असतात. क्षार साठले की जुन्या पानांच्या कडा तपकिरी होतात, मातीवर पांढरं पूट चढतं आणि फूल लहान राहतं. मुळांना पाणी ओढणं जड जातं, सोडियममुळे पोटॅशियम कमी मिळतं, पानांत साखर कमी तयार होते. पाकळीतला लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि तो बनायला साखर लागते. ताण थोडाच असेल तर काही झाडांत रंग उलट गडदही होतो. त्यावर भाळू नका, फूल लहानच येतं.

अंदाज नको, ईसी मीटर घ्या; पाण्यातून वीज किती सहज वाहते (ईसी) यावरून तो क्षार सांगतो. गुलाबाला द्यायचं पाणी १ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या आत असलेलं बरं (टीडीएस मीटरवर ५०० ते ६४०, मीटरच्या गुणकानुसार). मग कुंडी नेहमीसारखी भिजवा, अर्ध्या तासाने वरून दोन-तीनशे मिली डिस्टिल्ड पाणी ओता आणि खाली गळलेल्या पाण्याचा ईसी मोजा. तो ३ च्या वर गेला तर कुंडी धुवायला हवी.

१५ लिटर मातीच्या कुंडीला ३० लिटर गोडं पाणी, तीन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास सोडून. खालची बशी काढा, नाहीतर निघालेले क्षार परत वर चढतात. आठवडाभर खत बंद. नंतर ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश), लिटरला १ ग्रॅम. म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइड असतं.

आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची फॅशन गुलाबाच्या मुळावर येते; त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. सॉफ्टनरचं पाणीही टाळा, तिथे कॅल्शियम जाऊन सोडियम येतो. बोअरचा ईसी २ असेल तर निम्मं पावसाचं पाणी मिसळा, तो १ च्या आसपास उतरतो.

तेवढं गोडं पाणी जमतच नसेल तर कुंडीत बोगनवेल किंवा कण्हेर लावा.