तुम्ही विचारलंत म्हणून: डंकन बाकावर का होता?

मी नागपुरात शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. एप्रिलमध्ये तिकडे अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या, सुरू झाले की इकडे मला एक प्रश्न येऊ लागतो, आणि तो जून संपेपर्यंत येत राहतो. मुली विचारतात, त्यांना पहाटे कोर्टवर सोडायला आलेले वडील विचारतात, लग्न होऊन पुण्याला गेलेल्या माझ्या जुन्या खेळाडू फोन करून विचारतात. "ताई, तीन पॉइंटांची आघाडी होती, वीस सेकंदही उरले नव्हते, मग फाउल का नाही केला?" म्हणजे समोरच्याला मुद्दाम धरून खेळ का नाही थांबवला? ज्यांनी २०१३ची फायनल पाहिली आहे ते पुढे आणखी एक विचारतात: "आणि डंकनला बाहेर का बसवलं?"

गळ्यात शिट्टी आणि समोर सोळा मुली असताना याचं उत्तर अर्धवटच दिलं जातं. आज बसून लिहिते.

ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८ जून २०१३, मायामी. आपल्याकडे बुधवारची सकाळ उजाडली होती. फायनलचा सहावा सामना. सॅन अँटोनिओ स्पर्स यजमान मायामी हीटविरुद्धच्या मालिकेत ३-२ने पुढे, म्हणजे हा जिंकला की विजेतेपद. २८.२ सेकंद उरले असताना स्कोअर ९४-८९, स्पर्सच्या बाजूनं. करंडक द्यायचा कार्यक्रम होणार म्हणून कोर्टाच्या कडेनं पिवळी दोरी लावायला माणसं आली होती. मायामीचे काही प्रेक्षक तर उठून घरी निघाले होते.

त्या वेळी स्पर्सचे कोच ग्रेग पॉपोविच यांनी टिम डंकनला बाकावर बोलावलं. डंकन म्हणजे त्या संघाचा पाया. वय ३७, उंची सहा फूट अकरा इंच, त्या दिवशी ३० पॉइंट आणि १७ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल. त्याच्या जागी बोरिस डियाव आला. मायामीच्या लेब्रॉन जेम्सनं थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटांचा शॉट, मारला, चुकला. सुटलेला बॉल मायामीलाच मिळाला, परत लेब्रॉनकडे आला आणि दुसरा थ्री गेला. ९४-९२. स्पर्सच्या कवाय लेनर्डला फाउल झाला, त्याबद्दल मिळालेल्या दोन फ्री थ्रोंपैकी, म्हणजे एकेका पॉइंटाच्या मोकळ्या शॉटपैकी, त्यानं एक टाकला. ९५-९२, उरले १९.४ सेकंद. पुन्हा बचाव, पुन्हा डंकन बाहेर. लेब्रॉनचा थ्री पुन्हा चुकला. मायामीच्याच ख्रिस बॉशनं रिबाउंड उचलला. त्याचा साथीदार रे ॲलन मागे न बघता पावलं मोजत उजव्या कोपऱ्यात गेला, बॉशनं त्याला बॉल दिला, अंगावर धावून आलेल्या स्पर्सच्या टोनी पार्करच्या हातावरून त्यानं शॉट सोडला. ९५-९५, उरले ५.२ सेकंद. ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, मायामी १०३-१००नं जिंकलं, दोन दिवसांनी सातवा सामनाही जिंकलं.

मी तेव्हा टीव्हीसमोर उभी होते आणि ओरडले होते, "डंकन कुठे आहे?" तुम्ही सगळे जे विचारता तेच. त्यानंतर ती २८ सेकंदं मी किती वेळा पाहिली असतील ते सांगता येणार नाही. आज माझं मत असं आहे की डंकनला बाहेर बसवणं चूक नव्हती.

का ते सांगते. आघाडी तीनची असली की दोन पॉइंटांच्या बास्केटला जवळजवळ किंमत नसते. समोरच्याला आतून सोपा ले-अप, म्हणजे रिंगजवळचा दोन पॉइंटांचा शॉट, मारू द्या, तो एकनं मागेच राहतो आणि घड्याळ पळतं. राखायची असते ती कमानीसारखी आखलेली तीन पॉइंटांची रेघ. आता मायामीचा खेळ आठवा. बॉश उंच होता, पण तो रेघेबाहेरूनही शॉट मारायचा. तो लेब्रॉनसाठी स्क्रीन लावणार, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहणार. तिथे डंकन असेल तर त्याला त्या पायांनी रेघेबाहेर धावत जाऊन लेब्रॉनला अडवावं लागणार, नाहीतर बॉशला मोकळं सोडावं लागणार. त्यापेक्षा एकमेकांची माणसं क्षणात बदलून घेता येतील असे पाच जण ठेवायचे. आम्ही कोर्टवर त्याला 'स्विच' म्हणतो. डियाव अशा कामाला डंकनपेक्षा चपळ.

या निर्णयानं जे मागितलं होतं ते मिळालंही. लेब्रॉनला दोन्ही वेळा लांबून मारावं लागलं आणि दोन्ही वेळा पहिला शॉट चुकला. पण डंकनला बाहेर काढताना स्पर्सनं रिबाउंड गहाण ठेवला होता, आणि दोन्ही वेळा तोच गेला. रिंगखाली बॉशच्या उंचीचं कुणी उरलं नव्हतं. पॉपोविच यांना हे कळत नसेल असं मला कधीच वाटलं नाही. एकाच वेळी रेघही राखायची आणि रिंगही राखायची, अशी पाच माणसं फार थोड्या संघांकडे असतात. कोच निवडतो ते यातलं काय उघडं टाकायचं एवढंच.

याच्या जवळजवळ चार आठवडे आधीचा, २२ मे २०१३चा सामना शेजारी ठेवला की फरक दिसतो. तिथेही मायामीच होतं. समोर इंडियाना पेसर्स, कॉन्फरन्स फायनलचा, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीचा, पहिला सामना, ओव्हरटाइम. पॉल जॉर्जनं तीन फ्री थ्रो टाकून पेसर्सला १०२-१०१ असं पुढे नेलं, उरले २.२ सेकंद. त्यांचे कोच फ्रँक व्होगेल यांनी रॉय हिबर्टला बाकावर बसवलं. हिबर्ट सात फूट दोन इंचांचा, रिंगखाली भिंत. विचार तोच होता, बॉश त्याला बाहेर ओढून नेईल. लेब्रॉननं बॉल घेतला, पॉल जॉर्जला चुकवून आत घुसला. रिंगखाली कुणीच नव्हतं. घड्याळ संपता संपता ले-अप, १०३-१०२.

बदल एकच, दोन्हीकडे उंच माणूस बाहेर. पण व्होगेल यांची आघाडी एकची होती. एकच्या आघाडीत कुठलंही बास्केट जीव घेतं, आणि सगळ्यांत सोपं बास्केट रिंगखालचं. तिथला राखणदार हलवायला नको होता. पुढच्या सामन्यात त्यांनी हिबर्टला शेवटपर्यंत ठेवलं आणि पेसर्स ९७-९३नं जिंकले. म्हणून मला कुणी "उंच खेळाडू शेवटी बाहेर काढावा का?" असं विचारलं की मी आधी विचारते, आघाडी कितीची आहे?

आता फाउलचं. यावर मात्र माझं मत डंकनबद्दलच्या मताइतकं ठाम नाही, आणि ते घड्याळाप्रमाणे बदलतं.

फाउल करा म्हणणाऱ्यांचं गणित असं: तीननं मागे असलेल्या संघाला थ्री मारूच द्यायचा नाही, त्याआधीच धरायचं. त्याला दोनच फ्री थ्रो मिळतील, दोन्ही गेले तरी आपण एकनं पुढे आणि बॉल आपला. ऐकायला बिनतोड. पण फाउल न करण्याचं गणितही मांडून बघा. एनबीएत शंभरातले ३५च्या आसपास थ्री जातात. दबावाखाली, अंगावर माणूस असताना, त्याहून कमी. म्हणजे फार तर तीनात एकदा बरोबरी होणार, आणि बरोबरी म्हणजे हार नव्हे, ओव्हरटाइम. तिथे निम्मी आशा धरली तर सहा वेळांतून एकदा आपण हरतो. उरलेल्या पाच वेळा कुणी कोचला प्रश्न विचारत नाही, कारण तो सामना कुणाच्या लक्षातच राहत नाही.

शिवाय १९ सेकंद उरले असताना फाउल केला की सामना लहान होण्याऐवजी लांबतो. त्यांनी दोन्ही टाकले, आघाडी एकवर आली, लगेच त्यांनी आपल्याला फाउल केला. आता फ्री थ्रो आपल्या पोरानं टाकायचे. शंभरातले ७५-८० जातात म्हणतात, पण दोन्ही लागोपाठ जाण्याची शक्यता साठच्या घरात. ५ मे २०२५ला ओक्लाहोमा सिटीत हेच झालं. थंडर संघानं डेन्व्हरविरुद्ध तीनच्या आघाडीवर मुद्दाम फाउल केला. डेन्व्हरनं दोन्ही टाकले, आघाडी एकची झाली. मग थंडरचा चेट होमग्रेन, वय २३, फ्री थ्रोच्या रेघेवर उभा राहिला आणि त्याचे दोन्ही चुकले. दुसऱ्या टोकाला ॲरन गॉर्डननं २.८ सेकंद उरले असताना थ्री मारला. १२१-११९, डेन्व्हर. त्या आठवड्यात मला उलटा प्रश्न आला: "ताई, फाउल कशाला केला?" थंडरनं ती मालिका सात सामन्यांत जिंकली आणि त्या वर्षीचं विजेतेपदही मिळवलं, पण ती रात्र होमग्रेनला कशी गेली असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

माझी रेघ सहा-सात सेकंदांवर आहे. त्याहून कमी वेळ असेल, बॉल हातात असलेला खेळाडू रिंगकडे पाठ करून उभा असेल, तर फाउल करा. त्याहून जास्त असेल तर अंगावर उभे राहा आणि रिबाउंडला जा. मायामीच्या त्या शेवटच्या डावात पहिल्या शॉटच्या वेळी वेळ फार होता, म्हणून फाउल न करणं मला पटतं. बॉशच्या हातात रिबाउंड आला तेव्हा वेळ योग्य होता. पण रिबाउंड आणि ॲलनचा शॉट यांच्यामध्ये इतका कमी अवकाश होता की पळती माणसं तो विचार करून धरणार कशी? आणि ॲलन तो शॉट नशिबानं मारत नव्हता. रिंगखाली आडवं पडायचं, उठायचं, न बघता मागे मागे कोपऱ्यात जायचं, पास घ्यायचा आणि मारायचा, असा सराव तो वर्षानुवर्षं करत आला होता.

हे सगळं मी टीव्हीवर पाहून बोलते असं कुणाला वाटू नये, म्हणून एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. आम्ही तीननं पुढे, आठ-नऊ सेकंद. टाइम-आउटमध्ये मी माझ्या गार्डला सांगितलं, "बॉल आला की धर." ती गुणी पोर, तिनं सांगितल्याबरहुकूम दोन्ही हातांनी धरलं. आपल्याकडे शाळेचे सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतात. बॉल खेळण्याचा प्रयत्न नसलेला फाउल तिथे अनस्पोर्ट्समनलाइक ठरतो: दोन फ्री थ्रो, वर बॉलही त्यांचाच. पंचांनी बरोबर तेच दिलं. दोन्ही फ्री थ्रो गेले, मग एक बास्केट गेलं, आम्ही एकानं हरलो. पोरगी रडत राहिली, तिच्या आईनं मला विचारलं, "मॅडम, तिनं चुकीचं काय केलं?" तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. एनबीएचा डाव मी एनबीएच्या नियमांशिवाय उचलून आणला होता. हे मी तिच्यासमोर, सगळ्या संघासमोर सांगितलं.

कधी कधी निर्णय कोचच्या हातातही नसतो. २००५च्या फायनलचा पाचवा सामना, डेट्रॉइट, १९ जून. मालिका २-२, ओव्हरटाइममध्ये डेट्रॉइट पिस्टन्स ९५-९३नं पुढे. स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीनं कडेवरून बॉल आत दिला कोपऱ्यातल्या मानू जिनोबिलीकडे. हॉरीवर नजर ठेवायची होती रशीद वॉलेसला. तो अतिशय हुशार बचावपटू, पण जिनोबिलीला कोंडायला तो धावला. जिनोबिलीनं बॉल परत हॉरीला दिला. मोकळा थ्री, ५.८ सेकंद उरलेले, ९६-९५ स्पर्स. आघाडी दोनची होती, म्हणजे जिनोबिलीनं आत जाऊन बास्केट केलं असतं तरी बरोबरीच झाली असती. हरवू शकणारी गोष्ट एकच होती, आणि नेमकी तीच मोकळी सुटली. पॉपोविच त्या दिवशी दुसऱ्या बाकावर होते, जिंकणाऱ्या.

डंकनकडे परत येते. २०१३च्या सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटात, स्पर्स दोननं मागे असताना, तो कोर्टवरच होता. बॉल त्याच्याच हातात आला, रिंगजवळ, समोर त्याच्याहून बुटका शेन बॅटिए. आयुष्यभर मारलेला शॉट. चुकला, परत टॅप केला तोही चुकला. बचावाला पळत येऊन त्यानं दोन्ही तळवे जमिनीवर आपटले. पुढच्या जूनमध्ये त्याच मायामीला स्पर्सनं ४-१नं हरवलं, तेव्हाही पॉपोविच आणि डंकन तिथेच होते.

आता दर शनिवारी सरावाची शेवटची वीस मिनिटं आम्ही यालाच देतो. मी फळ्यावर आघाडी लिहिते, घड्याळात सेकंद लावते आणि गप्प बसते. मुलींनी आपसात ठरवायचं: कोण बाहेर, रेघ राखायची की रिंग, फाउल की नाही, आणि शॉट चुकला तर कुणी कुणाला पाठीनं अडवून रिंगपासून दूर ठेवायचं, म्हणजे बॉक्स-आउट करायचं. मागच्या शनिवारी मी लिहिलं, तीनची आघाडी, वीस सेकंद. आमची सगळ्यांत उंच मुलगी आपणहून बाकाकडे चालू लागली. कॅप्टननं तिचा हात धरला. "थांब गं," म्हणाली, "तू बाहेर गेलीस तर बॉल कोण पकडेल, ते आधी ठरवू."