कोटेशन पाठवल्यावर पुढे काय होतं? आमची वाटचाल

आमचा धंदा छतावरच्या सोलरचा. नाशिकला अंबडमध्ये एक गाळा आहे, पुढे दोन टेबलं आणि मागे पॅनेल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरचे पाईप. मी, माझा मेहुणा आणि बसवणारी पोरं एवढीच कंपनी. सुरुवातीला कामं सगळी ओळखीतून यायची, कोटेशन म्हणजे लेटरहेडवर एक पान, ते पण बऱ्याचदा गिऱ्हाईकाच्या ओट्यावर बसूनच समजावून सांगायचो, त्यामुळे त्याला काय पटलं काय नाही ते तोंडावरच दिसायचं.

फेब्रुवारी 2024 मध्ये छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आणि चित्रच बदललं. घरगुती गिऱ्हाईकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 3 किलोवॅट किंवा त्याच्या वर कितीही घ्या, सबसिडी 78 हजारांवर थांबते. जो तो चौकशी करायला लागला. पण चौकशी कशी, तर "दादा कोटेशन टाका व्हॉट्सअपला", आणि हाच मेसेज अजून चार जणांना गेलेला असतो. आम्ही साईट बघून, पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते मोजून आठ-दहा पानांची पीडीएफ पाठवायची आणि मग वाट बघायची. निळी टिक आली म्हणजे मेसेज बघितला, पीडीएफ उघडली का ते काही कळत नाही, आणि बऱ्याच लोकांनी तर निळी टिक बंदच करून ठेवलेली असते. मग फोन करायचा, तिकडून "बघतो आणि कळवतो". मेहुणा म्हणायचा या "कळवतो"वरच आपलं अर्धं आयुष्य जाणार.

तेव्हा लिंकवरून कोटेशन पाठवायचा विचार डोक्यात आला. आधी गुगल ड्राइव्हची लिंक देऊन बघितली, पण साध्या जीमेल अकाउंटवर बाहेरच्या कोणी फाईल बघितली ते आपल्याला दिसत नाही. लिंक छोटी करणाऱ्या साईटवर किती क्लिक पडले तो आकडा दिसतो, पुढचं काही नाही. डॉकसेंडसारखी टूल आहेत, 2021 मध्ये ड्रॉपबॉक्सने विकत घेतलं ते, त्यात कुठल्या पानावर किती वेळ थांबले इथपर्यंत दिसतं, पण पैसे डॉलरमध्ये आणि दर महिन्याला, आमच्यासारख्याला ते जड जातं. शेवटी ओळखीच्या एका डेव्हलपर पोराकडून साधंसं करून घेतलं. प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळी लिंक, मोबाईलवर नीट दिसणारी पानं, आणि कुठलं पान किती वेळ समोर होतं त्याची नोंद. फोन खिशात टाकला किंवा दुसरं ॲप उघडलं की मोजणी थांबली पाहिजे, हे त्याला मुद्दाम सांगितलं, नाहीतर रात्रभर उघडं राहिलेलं पान बघून आपण उगाच हवेत.

पहिले काही आठवडे तर नुसती गंमत. कारखान्यांना मेल केली की दोन सेकंदात "उघडलं" असं यायचं. एवढा तत्पर परचेस मॅनेजर सातपूर-अंबडमध्ये कोणी नाही हो! ते कंपनीच्या मेलचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर असतं, आत व्हायरस आहे का बघायला लिंक आधी तेच उघडतं. व्हॉट्सअपवर लिंक टाकली की वर छोटा प्रिव्ह्यू येतो, त्याची पण एक हिट पडते. म्हणून आम्ही ठरवलं की पान काही सेकंद तरी समोर राहिलं नाही तर ते उघडलं असं धरायचंच नाही. नोंदीत दिसणारं गावाचं नाव पण मनावर घ्यायचं नाही, मोबाईल डेटावर नाशिकचा माणूस मुंबईचा दिसतो.

खरा फायदा पानांवरून झाला. गंगापूर रोडच्या एका बंगल्याचं कोटेशन होतं, मालक रिटायर्ड काका. किमतीचं पान एकदाच बघितलेलं, आणि स्ट्रक्चरच्या ड्रॉईंगवर परत परत येणं, ते पण आपल्याकडे मध्यरात्र असताना. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तो किमतीचं काही न बोलता, म्हटलं काका स्ट्रक्चरबद्दल काही शंका आहे का. काका म्हणाले, "अरे लेक कॅनडाहून सारखा विचारतोय, गच्चीला भोकं पाडणार का? मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय." म्हणजे निर्णय घेणारा माणूस तिकडे आणि अडलेलं काय तर स्लॅब! भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करता येतात, ते ड्रॉईंग त्याच लिंकवर टाकलं, मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं, काम मिळालं. एक रुपया कमी केला नाही. नाहीतर मी सवयीने डिस्काउंट देऊन मोकळा झालो असतो.

कारखान्यांचं वेगळंच असतं. त्यांना ही सबसिडी नाही, त्यांचा सीए 40 टक्के घसाऱ्याच्या, म्हणजे सोलरची किंमत खर्चात धरून टॅक्स वाचवायच्या पानावर थांबतो. सोसायटीत सेक्रेटरी पाच मिनिटात सगळं बघून टाकतात आणि खजिनदार पेमेंट टर्म्सवर अडकून बसतात.

दुसरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. सप्टेंबर 2025 मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, 22 तारखेपासून लागू. आमच्यात 70 टक्के माल आणि 30 टक्के सर्व्हिस असं धरून टॅक्स लागतो, म्हणजे एकूण 13.8 चा 8.9 टक्के झाला. 1 लाख 80 हजारांच्या कामावर 8,820 रुपयांचा फरक! ज्यांना पीडीएफ गेलेल्या त्यांना नवीन फाईल, मग "यातली खरी कोणती" हे फोन. लिंकवाल्यांना तीच लिंक, आत नवीन आकडा, वर एक ओळ की जीएसटी कमी झाल्याने किंमत बदलली. कित्येकांनी ती लिंक पुन्हा उघडली आणि थांबलेली बोलणी आपणहून सुरू झाली.

पण यात धोका पण आहे बरं का. आकडा गुपचूप बदलता येतो म्हटल्यावर गिऱ्हाईकाला संशय येणारच. म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि कितवी आवृत्ती ते छापतो, जुनी आवृत्ती त्याला पण उघडून बघता येते, आणि "करायचं" म्हटलं की ठरलेली आवृत्ती कुलूपबंद करून सहीशिक्क्याची पीडीएफ देतो. लोनसाठी बँकेला तीच लागते, लिंक कोण घेणार तिथे.

आणि "काल रात्री तुम्ही बघत होता ना" असं गिऱ्हाईकाला कधीही म्हणायचं नाही, हे ऑफिसमध्ये पक्कं सांगून ठेवलंय. उघडल्या उघडल्या फोन लावायचा नाही. आणि लपवायचं पण नाही. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण ते सोडा, आपल्यालाच कोणी न सांगता असं बघितलेलं चालेल का? पहिल्याच पानावर मराठीत लिहिलंय की कोणती पानं उघडली याची नोंद आम्हाला दिसते, नको असेल तर साधी पीडीएफ मागा. मागतात काही जण, देतो.

सध्या ऑर्डरनंतर पण तीच लिंक चालू ठेवायला लागलोय. महावितरणचा अर्ज कुठे पोचला, मीटर कधी, सबसिडीची फाईल टाकली का, सगळं तिथेच. "काय झालं हो आमचं" हे फोन त्यामुळे बरेच कमी झालेत, फक्त मीटरवाली ओळ आठवडेच्या आठवडे हलत नाही तेव्हा लोक लिंक बघून मग फोन पण करतात.