समासात अडकलेला तास

पानाच्या कडेला दोन बोटं समास असतो. नेमका तेवढा कापून मला स्कॅन पाठवले गेले. नऊ आठवडे थांबून, पैसे भरून. आणि मला हवं असलेलं एकुलतं एक अक्षर त्या दोन बोटांत होतं. आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून आधी हे सांगून मोकळा झालो.

आता विषय. २ ऑगस्ट १९४४ रोजी एरिख सोमर या जर्मन वैमानिकाने आराडो २३४ हे दोन जेट इंजिनांचं विमान फ्रान्समधल्या रेंसजवळच्या जुव्हँकूर तळावरून उडवलं आणि नॉर्मंडीचा किनारा फोटोंत बांधून आणला. जेट विमानाची पहिली टेहळणी म्हणून याच उड्डाणाचं नाव घेतात. दीड तासाचं उड्डाण. मला त्या दीड तासाचा मिनिटागणिक तक्ता करायचा होता, आणि पुढच्या दोन महिन्यांतल्या उड्डाणांच्या वेळा दोन्ही बाजूंच्या कागदांशी जुळवायच्या होत्या. कशासाठी, हे घरच्यांनीही विचारलं. उत्तर नाही.

तक्त्याचं काम एका रविवारी झालं. विमानात दोन कॅमेरे, प्रत्येक बारा अंश बाहेर कललेला, भिंगाचं नाभीअंतर ५० सेंटीमीटर, फिल्मची चौकट ३० सेंटीमीटरची. उंची १० किलोमीटर धरली की एका फोटोत जमिनीचा साधारण सहा किलोमीटरचा तुकडा येतो. वेग ताशी ७४०, दर अकरा सेकंदांना एक फोटो, म्हणजे दोन फोटोंमध्ये विमान सव्वादोन किलोमीटर पुढे सरकतं. साठ टक्क्यांहून जरा जास्त भाग दोन्ही फोटोंत सामाईक. त्रिमितीत बघायला एवढाच लागतो! आकडे खरे आहेत याची खात्री मला इथे पटली.

फोटो एकूण ३८०. ते दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून धरायचे की एकेकाचे, यावर मी बराच वेळ घालवला. खरं तर भागाकाराचं काम होतं. एकेकाचे धरले तर नुसते फोटो काढायलाच सत्तर मिनिटं लागतात, मग जायला-यायला वीसच उरतात. मिळून धरले तर १९० जोड्या, पस्तीस मिनिटं. उरली पंचावन्न. वर चढायला वीस मिनिटं लागली होती. त्या चढाईत सरासरी ताशी ५०० धरली, तर नॉर्मंडीतल्या ओर्न नदीच्या मुखापर्यंतच्या सुमारे ३०० किलोमीटरांतले १७० तिथेच संपतात. पुढचं अंतर दहा मिनिटांत, परतीचं चोवीस मिनिटांत. चोपन्न! पंचावन्नाच्या जागी चोपन्न. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात जाऊन मी एकट्यानेच चहा केला.

हे सगळं घरबसल्या, फुकट. अडलं ते पुढे.

मला दुसऱ्या बाजूची वेळ हवी होती. त्याच आकाशात दोस्त राष्ट्रांची विमानं कधी वर होती, कधी उतरली. त्यासाठी एका लढाऊ तुकडीच्या रोजच्या नोंदींची काही पानं मागवली, थोडी ऑगस्टची, थोडी सप्टेंबरअखेरची. अभिलेखागार युरोपातलं, नाव घेत नाही. अर्जात पहिलाच रकाना : ‘पान क्रमांक’. जे पान मी पाहिलेलंच नाही त्याचा क्रमांक मी सांगायचा. तो माहीत नसेल तर आधी ‘पाने शोधण्याचा’ अर्ज, त्याचे वेगळे पैसे. पैसे भरायला गेलो तर माझं कार्ड तीनदा नाकारलं, शेवटी लंडनला असलेल्या भाच्याने त्याच्या कार्डाने भरले. (परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करून ठेवावे लागतात, हे मला भाच्याने नंतर सांगितलं. तुम्ही आधीच करा.)

नऊ आठवड्यांनी पानं आली. तासांचे आकडे स्वच्छ. पण ते कुठल्या घड्याळाचे?

इथे जरा थांबावं लागतं. १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये दुहेरी उन्हाळी वेळ होती, ग्रिनिचच्या दोन तास पुढे. जर्मनांचंही घड्याळ दोनच तास पुढे. म्हणजे ऑगस्टात शत्रूंची घड्याळं एकच वेळ दाखवत होती, फरक शून्य. मात्र सैन्याच्या कागदांत काही वेळा थेट ग्रिनिच वेळ लिहीत, तेव्हा आकड्यापुढे झेड. एक तास पुढे असेल तर ए, दोन तास असेल तर बी. ते अक्षर रकान्याच्या मथळ्यात एकदाच टंकलेलं असतं. माझ्या पानांवर मथळ्याचा अर्धाच भाग आला होता, बाकीचा कापलेल्या समासात.

कळवलं. उत्तर आलं, समास हा मजकुराचा भाग धरला जात नाही. पुन्हा कळवलं की त्यात मजकूर आहे. उत्तर, नवीन अर्ज करावा. मी एक लांबलचक पत्र लिहिलं, बायकोने वाचून निम्मं खोडलं. बरं झालं.

मग ऑगस्टचं पान मी सूर्यावर सोडवलं. २ ऑगस्टला नॉर्मंडीतल्या काँ शहराच्या आसपास सूर्य मावळतो तो ग्रिनिचप्रमाणे सुमारे १९.४० ला, म्हणजे त्यांच्या घड्याळात २१.४० ला. माझ्या पानावर दिवसा लढणाऱ्या त्या तुकडीची शेवटची गस्त साडेनऊच्या सुमारास उतरलेली. आकडे ग्रिनिचचे मानले तर ती बापडी सूर्यास्तानंतर जवळजवळ दोन तासांनी काळोखात उतरली असती. तेव्हा बी. प्रश्न मिटला, आणि अर्ध्या मिनिटासाठी मला अर्जाची गरजच वाटेनाशी झाली.

सप्टेंबरचं पान मात्र असं सुटेना. आराडोवाले तोवर जर्मनीत राइने गावी गेले होते (नदी नव्हे, गाव). ब्रिटनने १७ सप्टेंबरला, म्हणजे नेदरलँड्समध्ये दोस्तांच्या छत्रीसैनिकांनी उड्या घेतल्या त्याच रविवारी, घड्याळ एक तास मागे घेतलं. जर्मनांनी २ ऑक्टोबरला घेतलं. मधले दोन आठवडे तासाचा फरक. तुकडीने घड्याळ मागे घेतलं होतं की नाही? एका तासाचा फरक सूर्यावरून ओळखावा, तर दुपारच्या नोंदींना तो काहीच सांगत नाही. एक तास चुकला की ताशी ७४० चं विमान दुसऱ्या देशात असतं.

माझे आजोबा सांगायचे, मुंबईत वेळ ठरवताना ‘तुमची की आमची’ असं विचारायचे. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. त्यात युद्धाच्या वर्षांत भारतीय वेळच एक तास पुढे ढकललेली. तेव्हा मी हसायचो.

हो, मध्येच आठवलं : कुठलाही आकडा मिळाला की शेजारी लगेच ग्रिनिच वेळ लिहा, आणि कशावरून ती काढली तेही. मी पहिल्या महिन्यात हे केलं नाही आणि दोन वह्या पुन्हा लिहिल्या. तसंच जुव्हँकूरला सोमर २५ जुलैलाच पोचला होता. त्याचा जोडीदार होर्स्ट ग्योट्स इंजिनाच्या बिघाडाने परत फिरला. मग आठवडाभर विमान नुसतं उभं, कारण या नमुन्याला चाकं नव्हती. ते गाड्यावरून उडायचं आणि घसरपट्टीवर उतरायचं, आणि तो गाडा रेल्वेने यायचा होता. त्या आठवड्यातली मोकळी जागा पाहून मी उगाच ‘हरवलेली उड्डाणं’ शोधत बसलो. गाडीची वाट बघणं हेही वेळापत्रकातच धरा.

नवा अर्ज केला. या वेळी ‘विशेष सूचना’ या रकान्यात लिहिलं : पान चारी कडांसह, रंगीत, खाली पट्टी ठेवून. पट्टी ठेवली की कापता येत नाही, ही युक्ती मला त्या अभिलेखागारातल्याच एका बाईंनी फोनवर हळूच सांगितली. माणसं चांगलीच होती, फॉर्म वाईट होता.

सहा आठवड्यांनी फाइल आली. पट्टी, चार कडा, गंजलेल्या टाचणीची खूण, आणि मथळ्यात एक फिकट अक्षर. ए.

सोबत पूर्ण पानाचं बिल होतं. समासाचे वेगळे पैसे लावलेले नव्हते.